वायपरखालचं कुंकू

या मित्रांनो, कीर्तनात मागची माणसं सरकून पुढे येतात ना, तसे जवळ या. एक गोष्ट सांगतो. गोड नाही; पण शेवटपर्यंत बसा.

मी एक जुना पांढरा ट्रक आहे. वीतभर लांब, प्लॅस्टिकचा. खोक्यातून निघालो तेव्हा माझे दोनशे बारा तुकडे होते. पुसदला कमलाकररावांनी ते कापले, घासले, रंगवले. निवृत्तीनंतर त्यांना एकच ध्यास होता, यवतमाळच्या छोट्या मॉडेलांच्या प्रदर्शनात पहिला नंबर. तीनदा हुकला होता. पण बारीक कामाला त्यांचा हात थरथरायचा. म्हणून आरसे, दारांच्या मुठी आणि केसासारखे वायपर त्यांच्या पत्नीने, कुंदाताईंनी, चिमट्याने बसवले. श्वास रोखून, मनात विठ्ठलाचं नाव घेत.

"यंदा नंबर आपलाच," राव म्हणायचे. त्यातला 'आपला' मला फार आवडायचा.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दसरा होता. शिलाई मशीनची, स्कूटरची पूजा झाली. कुंदाताईंनी हळूच मलाही ओलं कुंकू लावलं, समोरच्या काचेखाली. नवी गाडी पूजेविना रस्त्यावर धाडायची कशी?

मग त्यांनीच मला खोक्यात ठेवलं; दुसऱ्या दिवशी ते उघडलं थेट परीक्षकापुढे. साकेत नावाचा तो तरुण विजेरी घेऊन सांधे तपासत होता.

"काका, हे लाल काय? ॲक्सिडेंट करून आणला का ट्रक?"

लोक खो खो हसले.

"घरचं अडाणी माणूस हो," कमलाकरराव म्हणाले. "अक्कल म्हणून नाही. पुसतो लगेच."

ते अडाणी माणूस प्रसादाचा डबा घेऊन मागेच उभं होतं. त्यांच्यादेखत मला ओल्या बोळ्याने घासलं.

"वायपर मात्र झकास! कोणी बसवले?"

कुंदाताईंनी मान वर केली.

"मीच," राव म्हणाले.

पहिला नंबर आला. टाळ्या कुंदाताईंनीही वाजवल्या.

महिन्याने नवं खोकं आलं.

"कुंदा, जरा चिमटा धर व."

"मले अडाणीले काय समजते? तुमीच बसवा. मागच्या खेपेले तुमीच त बसवले होते."

त्या वाती वळत राहिल्या. रावांच्या बोटांत एक वायपर मोडला, मग दुसरा. ते खोकं पुन्हा उघडलं नाही. माफीचा शब्दही कधी निघाला नाही. गेल्या पौषात कुंदाताई गेल्या. राव अजून पाहुण्यांना मला दाखवतात आणि सांगतात, "एकट्याने केला."

मित्रांनो, बुवांना हार घालणारा माणूस टाळकऱ्यांच्याही पाया पडतो. माझ्या धन्याला एवढं सुचलं नाही. तुम्हाला सुचू द्या.

वायपर तुटेल या भीतीने बोळा त्याच्याखाली शिरला नव्हता. कुंकवाची रेघ तिथे अजून आहे. कधी पुसदला आलात तर माझं कौतुक करू नका. वाकून ती रेघ बघा, आणि कुंदाताईंची आठवण काढा.