कागदाची डोल

जोडीदार लुओंगच्या वाट्याचे दोन दोर खोआतनं सुपारीच्या झाडाला बांधले, आपले दोन हातात घेतले आणि शेतात पाणी उपसायची बांबूची डोल कालव्यात सोडली. झाड काही झोका देईना. डोल गर्रकन फिरली, त्याच्याच गुडघ्यावर आदळली आणि हा बाप्या उताणा चिखलात.

बांधावरून शेजारचा दिन्ह खो खो हसला. "अरं, झाडाशी कसली मस्ती? सोड ते दोर, म्या धरतो."

"तुजा हात जड हाय," खोआत चिखल थुंकत म्हणाला.

"काल गावातली थोआ दोर धराया आली, तर तिचा हलका म्हनलास."

"हलकाच हाय तिचा."

"मग मधला हात आनू कुठनं?"

मधला हात लुओंगचा होता, आणि लुओंग पावसाळा सरता सरता तापानं गेला. उभा जन्म दोघांनी समोरासमोर उभं राहून ही डोल झुलवली. आता खोआतचा वाफा आणि शेजारचा लुओंगच्या बायकोचा, दोन्हींतली भाताची रोपं पिवळी पडायला लागली होती. जोडीदार मिळत नाही, असं खोआत गावाला सांगे. खरी गोष्ट वेगळी होती. डोल झुलवताना समोरच्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. तिथं लुओंगचं तोंड दिसलं नाही तर आपण भोकाड पसरू, ही त्याला धास्ती होती. साठीच्या घोड्याला हे शोभतं का, असं तो स्वतःलाच विचारी आणि पुन्हा झाडाकडं वळे.

लुओंगच्या शंभराव्या दिवसाचं कार्य आलं. कागदाचं जाळलं की तिकडं मयताला पोचतं, म्हणून कुणी कागदाचा सदरा आणला, कुणी कागदाची टोपी. खोआतनं दुपारच्या दुपार खपून कागदाची डोल केली होती, बारीक दोरांसकट. लुओंगला तिकडं रिकामं बसवायचं नाही! छाती फुगवून त्यानं ती अंगणात ठेवली.

लुओंगची बायको मेन हिनं डोल उचलून निरखली. "झालीया झ्याक, भावजी. पन दोर चार हायेत. त्यांचे दोन त्यांनी धरले, बाकीचे कुणी धरायचे? का तुमी निघालाय?"

अंगणात हशा पिकला. खोआतचे कान तापले. सांगाड्यासाठी इतक्या काड्या सोलल्या, पण एवढी साधी गोष्ट टाळक्यात शिरली नव्हती.

"धरील की कुनीबी," तो पुटपुटला. "तिकडं मानसांचा काय दुकाळ?"

"म्हंजी तिकडं कुनीबी चालतंय," मेन म्हणाली, "आन हितं माजी रोपं वाळली तरी तुमाला कुनी चालंना. ह्यो कुठला न्याय?"

खोआतच्या पोटात भलतंच दुखायला लागलं: लुओंग दुसऱ्याच कुणाबरोबर पाणी उपसणार! मेलेल्या माणसावर रुसून बसणारा गाढव आपणच, हे कळून त्याला स्वतःचंच हसू आलं. तरी डोल पेटवताना काडी दोनदा विझली. शेवटी मेननंच ती पेटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कालव्यावर गेला तर मेन आधीच हजर. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, झाडाचे दोर सोडून हातात घेतलेले.

"वहिनी, तुमाला न्हाई जमायचं."

"झाडापरीस बरं जमंल."

कसलं जमतंय! डोल तिरकी वर आली आणि निम्मं पाणी खोआतच्या छातीवर सांडलं.

"वर बघा की, भावजी! पान्यात काय बघताय? झोका कळायचा कसा मला?"

त्यानं वर बघितलं. समोर लुओंग नव्हता. मेन होती, ओठ घट्ट मिटलेली, आणि तिचेही डोळे भरलेले.

"रडायचं तर रडा," मेन म्हणाली, "पन दोर ढिला सोडू नगा. रोपं जगायला पायजेत."

खोआत रडला. दिन्ह बांधावरून बघत असताना, चांगला गळा काढून रडला. पाणी मेनच्या वाफ्यात शिरलं, पिवळ्या रोपांच्या बुडाशी पोचलं, तरी त्याचं थांबेना. आणि दोन्ही हातांत दोर असल्यामुळं नाक पुसायचीसुद्धा सोय नव्हती.