वर्गात कुणी नसताना

क्षमाबाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि नववीच्या वर्गामागच्या अरुंद वाटेने त्या भिंतीला लागून चालू लागल्या. वाळक्या झावळ्या वाजू नयेत म्हणून पाऊल जपून टाकत होत्या.

आत गणिताचा पेपर चालू होता आणि वर्गात एकही शिक्षक नव्हता. गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या या जुन्या हायस्कुलात तशीच रीत होती. प्रश्नपत्रिका वाटायच्या, फळ्यावर वेळ लिहायची आणि शिक्षकांनी निघून जायचं. प्रार्थनेची सरळ रांग, इस्त्रीचा गणवेश, मोठी माणसं दिसली की उभं राहून नमस्कार. ही सगळी शिस्त म्हणे शिक्षकांची खुर्ची अशी रिकामी ठेवता यावी म्हणून होती.

क्षमाबाई यंदाच पणजीहून इथे आल्या होत्या. पहिल्या चाचणीत सुर्ला गावची सिद्धी जेमतेम पास झाली होती आणि दुसरीत एकदम वर्गात पहिली. तिच्या मागच्या बाकावर हुशार ओंकार बसायचा. बाईंनी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं होतं.

"सर, पोर अशी अचानक बदलत नाही. कॉपी मी पुष्कळ बघितलीय."

कृष्णनाथसर चष्मा पुसत राहिले. "असेलही. पण पहारा ठेवला की पोरं पहाऱ्याला भितात, बाई. ती खोट्याला भ्यायला हवीत."

"आणि भीत नसली तर?"

"तर आमचंच शिकवणं कमी पडलं."

सर कुणाला तरी पाठीशी घालताहेत, असंच बाईंना तेव्हा वाटलं होतं.

अर्धवट लोटलेल्या खिडकीच्या फटीतून सिद्धी दिसली. तिचा डावा हात बाकाखाली गेला. बाईंनी श्वास रोखला. हात वर आला तो रुमाल घेऊन. रुमालावर काही लिहिलंय का, ते पाहायला बाईंनी टाचा उंचावल्या. रुमाल कोराच होता. सिद्धीने घामेजलेले तळवे पुसले आणि पेन पुन्हा धरलं.

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने ओंकारचा कागद उडून तिच्या पायाशी पडला, लिहिलेली बाजू वर. 'आता!' बाई मनात म्हणाल्या.

सिद्धी वाकली. तिने मान खिडकीकडे फिरवली, डोळे घट्ट मिटले आणि चाचपडत कागद उचलून मागे धरला.

"धर रे."

तिने डोळे उघडले ते थेट बाईंच्या डोळ्यांसमोर. बाईंना मागे सरकणंही सुचलं नाही. सवयीने सिद्धी अर्धी उठली, हात जोडले जाऊ लागले, आणि मध्येच, बाई लपून उभ्या आहेत हे उमजून ती खाली बसली.

"कितें गे?" शेजारच्या प्रियाने कुजबुजत विचारलं.

"लिही तू," सिद्धी म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

पेपर सुटल्यावर व्हरांड्यात ती बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, उद्या विज्ञानाचा पेपर."

"हं."

"उद्या आत येऊन बसा ना. थंय मागे ऊन लागतं, मुंग्याही आसात."

बाईंनी आवाज खाली आणला. "कुणाला सांगितलंस?"

"कितें, बाई?"

सिद्धीने नमस्कार केला आणि सुर्ल्याची बस चुकू नये म्हणून ती पायऱ्या उतरून धावली. तिच्या त्या बोलण्यात टोमणा कुठे होता, ते बाई फाटकापर्यंत शोधत गेल्या. तो सापडला असता तर बरं वाटलं असतं.