पाण्यात बुडणारं तेल

दौंडच्या खाली धरणाच्या फुगवट्यानं भीमेचं पाणी तुंबलंय, हिरवं, दाट. त्या काठावर तेलनाथ महाराजांच्या दगडी गोमुखातून तेल ठिबकत होतं आणि बाटल्या घेतलेल्या बायाबापड्यांची रांग पार रस्त्याला टेकली होती.

"बघा रं!" महाराजांनी ग्लासभर पाण्यात थेंब सोडला. तो सरळ तळाला गेला. "जगातलं तेल तरंगतं. हे पाताळातलं, म्हून आपल्या घरी निघालं! पेटत न्हाई, खवट होत न्हाई, मुंगी शिवत न्हाई. अमर तेल! गुडघ्याला लावा, तान्ह्याला चोळा!"

तान्ह्याला म्हटल्यावर रांगेच्या कडेला उभ्या भिमाजी आप्पांनी कान टवकारले. त्यांची लेक वैष्णवी बाळंतपणाला आलेली. त्यांच्या बायकोनं, सारजाबाईंनी, या तेलाची बाटली कालच घरी नेलेली, आणि आज नातवाची मालीश सुरू व्हायची होती.

आप्पा म्हणजे शिरूरकडच्या कारखान्यातले रिटायर फिटर आणि 'बुवाबाजी हटाव समिती'चे अध्यक्ष. सचिवही तेच, सभासदही तेच. बुवांच्या सगळ्या युक्त्या आपल्याला पाठ आहेत, असा त्यांचा दांडगा समज होता. ते ऐटीत पुढं गेले आणि तेलाला काडी लावली. विझली. दुसरी लावली. तीही विझली. तिसरीनं बोट भाजलं.

"आप्पा, बोटाला थोडं तेल चोळा की!" कोणीतरी ओरडलं. रांग खिदळली.

चिडलेले आप्पा गोमुखाच्या मागं घुसले. तिथं सलाईनची नळी होती. नळी पत्र्याच्या खोपीत गेलेली, खोपीत पिंप, आणि भोवती खांबावरच्या डीपीचे फोडलेले, गंजलेले विजेचे डबे. पलीकडं भंगारवाले तांब्यासाठी वायरी जाळत होते. आप्पांनी नळी ओढत लोकांपुढं आणली.

"हे घ्या पाताळ! भंगारातल्या विजेच्या डब्याचं तेल हाय हे!"

आता महाराजांना चोप बसणार, म्हणून आप्पांनी बाह्या सरसावल्या.

"म्हंजी डीपीचं तेल व्हय?" रांगेतल्या कुशाबाई म्हणाल्या. "अगं बया! मग गुडघ्याला एक नंबर! आप्पाच तर सांगत्यात, अंगारा सोडा आन् डीपीचं तेल लावा."

रांग वाढली. आणि खरी लाजेची गोष्ट पुढं आहे. आप्पांनाही हायसं वाटलं. देवाचं नाही ना, यंत्राचं आहे. मग काय हरकत?

वस्तीवर लसीकरणाला आलेल्या केडगावच्या डॉक्टर हन्ना हे बघत होत्या. "आप्पा," त्या म्हणाल्या, "नळी पकडलीत आणि तेल सोडलंत."

चहाच्या टपरीवरचा गॅस त्यांनी मागून घेतला. तांब्याची तार लाल केली, थेंबभर तेलात बुडवली, पुन्हा आचेवर धरली. ज्योत हिरवीगार झाली.

"जय तेलनाथ!" बायांनी हात जोडले. आप्पांनी कपाळ बडवलं.

हन्नांनी तार घासून पुन्हा तापवली आणि वायरीच्या प्लास्टिकच्या सालीला टेकवली. आचेवर धरताच परत हिरवी ज्योत.

"या सालीतही तेलनाथ आहे का, मावशी?"

कुशाबाईंचे जोडलेले हात सुटले.

"हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन, आणि तो दोन्हीत आहे. नेमकं कोणतं रसायन, ते प्रयोगशाळा सांगेल. पण जे पाण्यात बुडतं, पेटत नाही, कुजत नाही, ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं, यंत्रासाठी. काही जुन्या विजेच्या डब्यांत असलं तेल असायचं. ते तुमच्या अंगातही कुजत नाही. नदीत गेलं की गाळात, गाळातून माशात, माशातून तुमच्या चरबीत, आणि आईच्या दुधातून बाळात. वायरी जळतात त्या धुरातही याचेच भाऊबंद. नाव कळेपर्यंत बाळाला चोळत बसणार का?"

महाराज "पाताळात जाऊन येतो" म्हणत मोटरसायकलवर बसले. आप्पा मात्र घराकडं पळत सुटले.

सारजाबाई पाय पसरून बसलेल्या, पायांवर नातू, शेजारी तेलाची वाटी.

"थांब! ते महाराजाचं तेल..."

"अवो, ते कवाच बाजूला ठेवलं. भोंदू म्हणता ना तुम्ही त्याला? हे तुमचं हाय, कारखान्यातनं आणलेलं, कपाटातलं. डीपीचं."

आप्पांनी झडप घालून वाटी उचलली. पोराच्या अंगाला अजून तेलाचं बोट लागलं नव्हतं. वाटी हातात धरून ते खालीच बसले.

"आप्पा," वैष्णवी म्हणाली, "मग तुमच्यात आन् महाराजांत फरक काय?"

"त्याच्याकडं रांग मोठी व्हती."

दुसऱ्या दिवशी आप्पा काठावर उभे राहिले. कोणीतरी ऐकलेलं समितीचं हे पहिलंच भाषण.

"लोकहो, यंत्राचं तेल यंत्राला. अंगाला लावायच्या आधी विचारा. महाराजाला विचारा, डॉक्टरबाईंना विचारा. मी छाती फुगवून काही सांगायला लागलो, तर पहिलं मला विचारा: भिमाजी, तुला कसं ठाऊक? आन् मी गप्प बसलो, तर माझं ऐकू नका."