नऊ गुणांचा निबंध

मुलीने निबंधाची वही माझ्यापुढे आपटली. 'माझी अभ्यासाची पद्धत.' दहापैकी नऊ गुण, आणि खाली लाल शाईत 'छान!'

मी वाचू लागलो. 'माझी आई रोज पहाटे मला उठवते आणि शेजारी बसून अभ्यास घेते.' तिची आई जाऊन चार महिने झाले.

"हे काय लिहिलंयस?"

"बाईंनी फळ्यावर लिहून दिलं, बाबा. सगळ्या वर्गाचं हेच आहे. माझं स्वतःचं मागच्या पानावर आहे. त्याला तीन मिळाले."

मी पान उलटलं. आई ओट्यावर भाजी चिरायची आणि ही बाजूला उभी राहून तिला धडा समजावून सांगायची. आईने शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तिला कळेपर्यंत सांगता सांगता हिचाच अभ्यास पक्का व्हायचा. 'आता ऐकायला कोणी नाही, म्हणून धडा डोक्यात शिरत नाही,' असं शेवटी लिहिलं होतं. त्यावर बाईंचा शेरा : 'चांगल्या सवयी लिही. रडगाणं नको.'

रडगाणं! त्या लाल शाईची मला किळस आली.

"उद्या येतो तुझ्या बाईंकडे."

"नको. म्हणतील, बापही तसलाच."

मी सुरी घेतली, भाजी पुढ्यात ओढली. "सांग, आज काय शिकवलं?"

तिने सगळा धडा सांगितला.

"नाही कळलं," मी म्हणालो.

"आईला एवढ्यात कळलं असतं हं, बाबा," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.