आनंदीबाईंचे दोन तास

दीक्षानं फाइलीला टाचलेल्या कागदावर ‘अकरा दहा’ अशी वेळ लिहिली आणि फाइल आनंदीबाईंच्या टेबलावर ठेवली.

“लिही, लिही. मी श्वास कधी घेते तेही लिही,” आनंदीबाई म्हणाल्या.

दीक्षा हसून पुढच्या वॉर्डाकडे गेली. सदाशिव पेठेतल्या या हॉस्पिटलात ती तीन आठवडे हेच करत होती. डॉक्टरांनी ‘घरी जा’ म्हटल्यावरही पेशंटला निघायला पाच तास का लागतात, हे शोधणं हे तिच्या हॉस्पिटल व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातलं शेवटचं काम. ते पटलं तर इथंच नोकरी. जागा मात्र एकच, घरी जाणाऱ्या पेशंटांचं सगळं काम कॉम्प्युटरवरून सांभाळायची.

आनंदीबाईंना उत्तर आधीच ठाऊक होतं. फाइल त्यांच्याकडेच दोन तास अडायची. रोज धायरीहून येऊन अठ्ठावीस वर्षं हे डिस्चार्जचं टेबल सांभाळलं, आणि आता ही कालची पोर आपल्याला घरी बसवणार! त्या दिवशी त्यांना डबा गेला नाही.

शुक्रवारी हॉस्पिटल चालवणाऱ्या दामले डॉक्टरांनी दोघींना बोलावलं. दीक्षाचा अहवाल त्यांच्यासमोर उघडा होता.

“दोन तास, आनंदीबाई?”

“हो.” त्यांनी पदर सावरला. “कुठली गोळी जेवणाआधी, टाके कधी काढायचे, ते घरच्यांना बसवून सांगते. त्यांच्याकडून परत म्हणून घेते, मगच फाइल सोडते. चुकलं असेल तर सांगा.”

डॉक्टरांनी पान उलटलं.

“तुम्ही मे महिन्यात आठवडाभर रजेवर होतात. त्या आठवड्यातले चार पेशंट औषधांच्या गोंधळानं परत आले. एरवी महिन्यात एखादा. हे हिनं शोधलंय. म्हणते, बिलं लवकर करा, पण बाईंच्या दोन तासांना हात लावू नका. आणि नव्या जागेसाठी तुमचं नाव सुचवलंय.”

“अगं, ती तर तुझी जागा!”

“मला खराडीत बोलावलंय, बाई. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी आहे. सोमवारपासून.” दीक्षा खिडकीबाहेर बघत होती.

आनंदीबाईंना स्वतःची लाज वाटली. एवढ्याशा पोरीचं केवढं मन! त्यांनी डोळे पुसले आणि आवाज नेहमीसारखा कडक केला.

“सोमवारी जमायचं नाही म्हणून कळव त्यांना. महिनाभर तरी. मला तो कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून मी शिकायची नाही.”