ताजं खोड

चंद्रप्पाने टेम्पोचा मागचा फाळका खाली सोडला, दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि विचारलं,

"साहेब, थेट उचलायचं का आधी चहा?"

"आधी सही," आनंदराज सोनकांबळे म्हणाले. "मग उचलायचं."

चहाचं नावही त्यांना नको होतं. महिनाभरात चार गावांतून चार मशिनी उचलून झाल्या होत्या आणि चारही ठिकाणी बायकांनी चहा पाजला होता. दिलेली वस्तू परत न्यायला आलेल्या माणसाला कुणी चहा पाजतं का? पण पाजला बिचाऱ्यांनी, आणि आनंदराजांनी तो मान खाली घालून प्यायला होता.

नांदेडबाहेरच्या त्या राष्ट्रीय केंद्राचं नाव एवढं लांबलचक, की पाटीवर त्याला दोन ओळी लागल्या होत्या. उपयोजित विज्ञान काय, तंत्रज्ञान हस्तांतरण काय. लोक आपले 'सेंटर' म्हणून मोकळे व्हायचे. प्रयोगशाळेत जे जमलं ते गावात पोचवायचं, हे सेंटरचं काम. आनंदराजांनी तिथे अकरा वर्षं एकाच मशीनवर काढली. केळीचा घड उतरला की खोड बांधावर फेकून देतात. त्या खोडाच्या सालपटांतून धागा काढणारं मशीन. मे महिन्यात ते पाच गावांतल्या बायकांच्या गटांना दिलं. सहा महिन्यांत चार बंद पडली. हे पाचवं परत गेलं की फाईल कायमची बंद, असा वरून हुकूम होता. मार्चमध्ये आनंदराज रिटायर होणार. फाईल त्यांच्या आधीच रिटायर होतेय, असं सेक्शनमधले लोक हसत म्हणायचे. तेही हसायचे. दुसरं करणार काय?

अर्धापूरजवळच्या या गावातून तर सहा महिन्यांत एकही अहवाल आला नव्हता. अहवाल नाही म्हणजे मशीन बंद, असं सेंटरने धरूनच टाकलं होतं.

आनंदराज फाईल काखेत मारून पत्र्याच्या शेडकडे निघाले आणि अर्ध्या वाटेत थबकले. आतून घरघर येत होती. मध्ये न अडकता, न गुदमरता चाललेली. हा आवाज त्यांनी प्रयोगशाळेबाहेर कधी ऐकलाच नव्हता.

शेडमध्ये चार बाया कामाला लागल्या होत्या. दोरीवर धाग्याच्या पांढुरक्या लडी वाळत होत्या. गटाची प्रमुख कस्तुराबाई मशीनच्या तोंडाशी उभी होती. साहेबांना पाहून तिने बटण बंद केलं, पदराने हात पुसले, आणि मग तिची नजर बाहेरच्या टेम्पोवर गेली.

"न्यायला आलाव?"

"अहवाल नाही आला तुमचा. एकही नाही."

"आवं, फारम भरायला येळ कुठाय? दिसभर हेच करून राहिलो न्हवं आमी." तिचा आवाज चढला. "चालतंय तरी नेता? बंद पडलं तर न्यावं माणसानं. चालणारं कुणी उचलून नेतं व्हय?"

आनंदराजांनी वाकून बाजूच्या ढिगातलं एक सालपट उचललं. मऊ पडलेलं, कडांना तपकिरी झालेलं.

"हे शिळं आहे," ते म्हणाले. "पुस्तिकेत लिहिलंय, खोड ताजं घ्यायचं. त्याच दिवशीचं."

बाया एकमेकींकडे बघून हसल्या.

"ताजंच घातलं की आदी," कस्तुराबाई म्हणाली. "लई बेजार केलं बगा त्यानं. नुसता चिखल. पाती अडकायची, धागा तुटायचा. चार दिस आमी निसतं मशीनच धूत बसलो. मग दोन दिस सावलीला पडू दिलं खोड. तवापासून एकदा अडकलं न्हाई."

"पण हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्याच गेटवर शिकले की."

"आमच्या गेटवर?"

"ट्रेनिंगला आलते न्हवं मी? माझा पासच तयार नव्हता. दिसभर बसवून ठिवलं बाकड्यावर. तिथं लिंबाच्या झाडाखाली केळीची खोडं पडल्याली. मी त्या बसलिंगप्पांना, तुमच्या वॉचमनला, इचारलं, ही कशाला वो सुकवाया टाकली? ते म्हनले, सुकवाया न्हाई बाई, सोमवारी येत्यात, स्टोअरची सही झाली की बुधवारी आत जात्यात. साहेबाच्या मशीनला लागत्यात. दर खेपंला असंच हाय म्हनले." ती जरा थांबली. "हितं चिखल व्हाया लागला तवा मला ते ध्यानात आलं. म्हनलं, साहेबाचं मशीन शिळं खातंय, आपन ताजं कशाला चारून राहिलो?"

बाया पुन्हा हसल्या. आनंदराज मात्र पालथ्या घातलेल्या टोपल्यावर बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, आणि डोळ्यांवर न चढवता हातातच धरून बसले.

सोमवार. मंगळवार. बुधवार.

अकरा वर्षं दर बुधवारी सोललेली, पुसलेली सालपटं ट्रेमधून त्यांच्या टेबलावर येत होती. आवकच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, ताजे खोड. त्यांनीही रिपोर्टात तेच लिहिलं, पुस्तिकेत तेच छापलं, आणि पात्यांमधली फट त्या मऊ सालपटांच्या जाडीवर बसवली. अधिकाऱ्यांचं गेट पलीकडच्या अंगाला होतं. लिंबाच्या झाडाखाली काय पडलंय, हे बघायला ते एकदाही गेले नव्हते. एकदाही! शेतकऱ्याच्या गावात जन्मलेला माणूस मी, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना भयंकर लाज वाटली.

"आमचं काई चुकलं का, साहेब?" कस्तुराबाईने जरा नरमाईने विचारलं.

"तुमचं नाही." त्यांनी चष्मा चढवला. "मुदखेडच्या बायकांना सांगितलं का हे? दुसऱ्या कुणाला?"

"मला काय मालूम अजून कुनाला दिलंय? आन् तुमी सांगितलं असंल की त्यांना."

आनंदराजांनी फाईल उघडली. भरलेले चार फॉर्म वरच होते. परतीचं कारण लिहायच्या जागी चारही ठिकाणी त्यांच्याच अक्षरात एकच मजकूर होता: लाभार्थ्यांची उदासीनता. सगळ्यात वर मुदखेडचा. खाली कोंडाबाईची सही, एकेक अक्षर जपून काढलेली. परवा मशीन टेम्पोत चढवण्याआधी म्हातारीने ते ओल्या फडक्याने पुसून काढलं होतं, हळदकुंकू लावलं होतं. 'आमालाच जमलं न्हाई, साहेब, आडानी मानसं आमी,' असं म्हणाली होती. आणि आनंदराजांनी मान हलवली होती. होय, असंच आहे, अशी मान हलवली होती.

त्यांनी पाचवा कोरा फॉर्म काढून घेतला, चौघडी करून खिशात घातला आणि उठले.

"ही दोन खोडं नेऊ का?"

"न्या की. बांधावर काय कमी हायेत?"

चंद्रप्पा फाळक्याला टेकून उभा होता. साहेब दोन सुकलेली खोडं कवेत घेऊन येताना दिसले तसा तो सरळ झाला.

"मशीन?"

"राहू दे इथंच. मुदखेडला चल."

"मुदखेडचं तर परवाच उचललं न्हवं? आता काय राहिलंय तिथं?"

आनंदराज पुढे चढून बसले. बारड गाव मागे पडलं तेव्हा त्यांनी चंद्रप्पाला सगळं सांगितलं. ते ऐकून तो म्हणाला, "पर परत द्यायचं म्हंजे स्टोअरमधून काढावं लागंल. त्याला बी पास लागतो, साहेब."

"लागतो."

"किती दिस?"

"सोमवारी अर्ज दिला तर बुधवार," आनंदराज म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मुदखेडला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. टेम्पो बघून कोंडाबाई भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. परवा मशीन होतं त्या जागी आता झाडून काढलेली मोकळी फरशी होती. चंद्रप्पा खोडं उतरवू लागला, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"मला ठावंच होतं तुमी येनार," ती घाईघाईने म्हणाली. "थांबा."

आत जाऊन ती एक पान्हा घेऊन आली. मशीनबरोबर दिलेला. घासून लख्ख केलेला, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला.

"ह्यो राहिलता बगा आमच्याकडं. काल पोत्याखाली घावला. आमी मुद्दाम न्हाई ठिवला, साहेब. तुमच्या कागदावर तसलं काई लिवू नगासा."

आनंदराजांनी पान्हा हातात घेतला नाही. कागदाची सुटलेली घडी त्यांनी तिच्या हातातच पुन्हा नीट केली.

"तुमच्याकडेच ठेवा, मावशी," ते म्हणाले. "लागणार आहे तुम्हाला."