बाबांनी वळवलेली नळी

जुन्या मोटारींच्या क्लबच्या प्रदर्शनाला एक दिवस उरला होता, आणि गिलियनला वडिलांच्या हिरव्या मोटारीतली ती रबरी नळी काढून टाकायची होती. गेली तेवीस वर्षं परीक्षक इंजिनावर वाकत, नळी पाहत आणि लिहीत, ‘मूळ बनावटीची नाही’. दरवर्षी दुसरा नंबर. वडील, नॉर्मन, हसून थर्मासमधला चहा ओतून घेत. नळी मात्र काढत नसत. मार्चमध्ये ते गेले. निदान यंदा तरी त्यांच्या नावाला पहिला नंबर मिळावा, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

वडिलांचे जुने सोबती क्लिफ शेडमध्ये पाना घेऊन वाकले.

“मूळचा पाइप आहे ना गं?”

“डब्यात. चिठ्ठी लावून ठेवलाय.”

“ठेवणारच! तुझा बाप स्क्रूचंही बारसं करायचा.”

“क्लिफकाका, पण या नळीचं काम तरी काय?”

“इंजिनालाही श्वास सोडावा लागतो, पोरी. पिस्टनच्या कडेने थोडा धूर खाली तेलाच्या पोटात उतरतोच. तो कोंडला, तर फट दिसेल तिथून तेल बाहेर ढकलतो. म्हणून कारखान्याने पाइप खाली रस्त्याकडे सोडलेला. गाडी पळती असली की वारा धूर ओढून नेतो.”

“आणि थांबली की?”

“मग तो तळाच्या फटींतून आत. मागच्या सीटवर.” त्यांनी पाना खाली ठेवला. “नॉर्मनने तो पाइप काढला आणि धूर या नळीने हवेच्या गाळणीत नेला. इंजिन आपला धूर आपणच जाळतं.”

“कधी केलं हे?”

“तू लहान असताना तुम्ही वेल्सला गेला होतात ना, त्यानंतर. सिग्नलला गाडी थांबली की तुझा दमा उसळायचा, ओठ निळे पडायचे. तीन रविवार गाडीखाली आडवा होता बाबा. तुला बोलला नाही?”

नव्हते बोलले. तिला आठवत होत्या त्या पुढच्या सगळ्या सहली: मागच्या सीटवर लोळत वाचलेली पुस्तकं. दम लागल्याचं एकदाही आठवत नव्हतं.

“तू मोठी झाल्यावर मी त्याला म्हटलं, काढ आता ती नळी. तर म्हणे, नाताळला येते ना ती.”

गिलियनने पाना उचलला आणि नळीवरची सैल केलेली पट्टी स्वतःच आवळली.

“पहिला नंबर गेला बघ,” क्लिफ म्हणाले.

“जाऊ दे.”

त्या वर्षी गाडीचा तिसरा नंबर आला. चाकांना चिखल होता. प्रदर्शनाला ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने गाडी चालवत गेली होती.